पिल्लासमोर बोलायचं नाही

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो.

"आजवर कधी बसलाय?" शिंपी म्हणाला. तोंडात टाचण्या होत्या, तरी बोललाच.

त्याचंही चूक नाही. मी जन्मभर लिफ्टमन होतो. इस्पितळाची उंच इमारत, लोखंडी पेटी, पेटीत एक स्टूल आणि स्टुलावर मी. माझ्या गोष्टी तळमजल्याला सुरू व्हायच्या आणि सातव्याला संपायच्या. पाचव्याला उतरणारी कितीतरी माणसं शेवट ऐकायला दोन मजले वर आली आणि जिन्यानं खाली गेली. एका बाईनं तर गोष्ट संपेपर्यंत बाळंत व्हायला साफ नकार दिला होता. हे मी शिंप्याला अनेकदा सांगितलंय. तो मान डोलावतो आणि मशीन जोरात चालवतो.

त्याचं दुकान आम्ही राहतो त्याच इमारतीच्या पायथ्याशी. एक खोली. उजेडासाठी मशीन दाराशी, मागं कापायचं टेबल, वर दांडीला चिठ्ठ्या टाचलेले कपडे. बाहेर फुटपाथवर इस्त्रीवालीचं टेबल. तिची वायर दुकानातल्या बटणात खोचलेली, त्यामुळे दोघांचं भांडण आणि दोघांचा घरोबा एकाच बटणावर चालू-बंद होतो. मी रोज दुपारी खुर्ची टाकून दोघांच्या मध्ये बसतो. त्या शनिवारी माझ्याशेजारी, उंबऱ्याला टेकून, माझी नात बसली होती. सून दवाखान्यात ड्यूटीला जाताना तिला अक्षरशः दंडाला धरून खाली सोडून गेली होती. "बस जरा आजोबांपाशी. उजेड लागू दे अंगाला." सून नर्स आहे. तिचा उजेडावर फार भरवसा.

नातीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी काहीही खायला दिलं की दोन्ही हातांत धरून कडेकडेनं कुरतडायची, म्हणून. शिंप्यानं तिच्या पुढ्यात बटणांचा डबा ठेवला होता. लहान बटणं एकीकडे, मोठी एकीकडे. ती निवडत होती. मान वर नाही, शब्द नाही.

आणि इस्त्रीवालीनं नेमकं तेव्हाच विचारलं, "काय गं खारू, सुट्टी लागली वाटतं? माझ्या भाचीची परीक्षा तर सोमवारी सुरू होतेय. तुमचं तेच ना गं विद्यापीठ?"

खारूनं एक बटण उचललं आणि दोन्ही ढिगांकडे बघत बसली.

"नापास-बिपास नाही ना झालीस? की कुणी पोरगं..."

इस्त्रीवाली वाईट नाही. तिला गरम इस्त्री हातात असताना गप्प राहता येत नाही, एवढंच. पण तिला थांबवणं भाग होतं, आणि कुणाला थांबवायचं तर मला एकच उपाय माहीत आहे. आपण सुरू व्हायचं. म्हणून मी ते विश्वासाचं वाक्य टाकलं.

तुम्हाला मात्र आधी सांगून ठेवतो, कारण दुकानात हे कुणाला ठाऊक नव्हतं. खारू शेवटचं वर्ष अर्धवट टाकून घरी आली होती. सोमवारी तिची तोंडी परीक्षा. गेली नाही तर वर्ष गेलं, आणि तिचा चेहरा बघता नुसत्या वर्षावर भागणार नव्हतं, तो विषयच गेला. लहानपणापासून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला होता. "ती काही बोलली नाही तरी चालेल. नुसती येऊन समोर बसू दे. पुढचं मी बघते." खारूनं फोन हातात घेतला नाही. काय झालं विचारलं की म्हणायची, काही नाही. तिच्या वाटणीचं पाखरू रस्त्यावर मेलं, एवढं सुनेला मैत्रिणीकडून कळलं. आणखी एक गोष्ट कळली, ती ओघात येईलच.

"आमच्या खारूनं वन्यजीवशास्त्राची पदवी घ्यायचं ठरवलं," मी सुरुवात केली, "तेव्हा प्रवेश परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून वाघ होता."

"झालं," इस्त्रीवाली म्हणाली.

"बाकांच्या मधून फेऱ्या मारायचा. कॉपी करायची कुणाची टाप नाही."

"आणि उशिरा येणाऱ्या पोरांचं काय?" शिंप्यानं विचारलं.

"ती निकालाच्या यादीत आलीच नाहीत."

इस्त्रीवाली हसली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून उंबऱ्याकडे पाहिलं. एरवी या गोष्टीला खारू म्हणते, "आजोबा, वाघ नव्हता, बिबट्या होता," आणि मग आम्ही दोघं मिळून समोरच्याला गुंडाळतो. त्या दिवशी बटणं नुसती टिकटिकत राहिली.

मग मी खरं खरं सांगायला लागलो. खऱ्याला माझ्या तोंडून कुणी खरं समजत नाही, हा त्यातला फायदा. लोकांना वाटतं, ही पोरं अस्वलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. तसलं काही नाही. पहिलं वर्ष म्हणजे निव्वळ आकडेमोड आणि विष्ठा. हो, विष्ठा. तिची परीक्षा असते. टेबलावर ओळीनं मांडून ठेवतात, घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचं. कोण येऊन गेलं, काय खाल्लं होतं, किती दिवस झाले, सगळं बघून लिहायचं. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा मी विचारलं, अगं, पण जनावरं कधी दाखवणार? म्हणाली, "आजोबा, जनावर दिसत नसतं. जनावर होऊन गेलेलं दिसतं."

"हे मात्र तुम्हीच बनवलंत," शिंपी म्हणाला.

"मला असलं सुचलं असतं तर मी लिफ्टमध्ये बसलो असतो का?"

दुसऱ्या वर्षी तिला कुठल्याशा मुंगसाचं डोकं साफ करून न्यायचं होतं. मांस सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं, उकळू द्यायचं नाही, दात सैल होतात. सून रात्रपाळीहून आली, भूक लागलेली, झाकण काढलं. नर्सच ती, डोकं बघून डगमगली नाही. पातेलं कुठलं आहे ते बघितलं, आणि मग जी ओरडली! तिच्या माहेरचं पातेलं.

"मग त्या पातेल्याचं काय केलंत?" इस्त्रीवाली म्हणाली.

शिंप्यानं मशीन थांबवलं. "मला दिलं. मी तुम्हाला दिलं."

"ज्यात मी खळ शिजवते ते?"

"तेच."

इस्त्रीवालीनं हातातल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या टोकाला ज्यांचा तो शर्ट होता त्या वकिलांच्या पाटीकडे पाहिलं. "बघा हं आजोबा. हे तुमचं खोटं निघालं नाही ना, तर माझ्याशी गाठ आहे."

खारूची बटणं थांबली नाहीत. एरवी हसून हसून लोळली असती.

"तिसऱ्या वर्षी," मी म्हणालो, "ती क्रौंच झाली."

"म्हणजे बगळा," शिंपी म्हणाला.

"बगळा नव्हे. क्रौंचाच्या शेजारी बगळा म्हणजे साहेबाच्या शेजारी शिपाई. माणसाच्या छातीला लागेल एवढा पक्षी. राखाडी अंग, लांब मान, आणि ओरडला की दोन गावं ऐकतात. उरलेत थोडे. म्हणून त्या विद्यापीठाच्या मागच्या पाणथळीत त्यांची अंडी यंत्रात उबवतात आणि पिल्लं वाढवून रानात सोडतात. आता मेख कुठं आहे बघा. अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिल्यांदा समोर दिसेल, जे घास भरवेल, ती आई. तिथं माणूस दिसला तर पिल्लू स्वतःला माणूस समजतं. मोठं झालं तरी आपल्या जातीकडे जात नाही, माणसांच्या मागं येतं. आणि रानातल्या पाखरानं माणसांच्या मागं येणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. म्हणून भरवणाऱ्या पोरांनी पायघोळ राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळी, एका हातात क्रौंचाचं लाकडी डोकं. त्या चोचीनं भरवायचं, त्या चोचीनं दाखवायचं, हे खा, इथं पाणी आहे, इथं चिखल आहे. कमरेला एक छोटा स्पीकर, त्यातून आईचा आवाज."

"तो राखाडी झगा?" शिंपी उभाच राहिला. "जाळीच्या टोपीचा? मी शिवलेला? तुम्ही तर म्हणालात, पोरीच्या नाटकाचा आहे!"

"खरं सांगितलं असतं तर शिवला असतात?"

"बाह्या एवढ्या लांब कशाला, म्हणून मी डोकं फोडून घेतलं होतं."

"बोटं दिसता कामा नयेत म्हणून. बोटं, चेहरा, केस, काही नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: पिल्लासमोर बोलायचं नाही. एक अक्षर नाही. खोकला आला तर आधी बाहेर यायचं, मग खोकायचं."

"तुम्ही तिथं तासभर टिकला नसता," इस्त्रीवाली म्हणाली.

ती हसत म्हणाली. मलाही हसायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत खारू दोन दिवस घरी आली होती, तेव्हा तिची जीभच गेली होती म्हणा ना. मीठ हवं असलं की बोट दाखवायची. मी म्हणायचो, अगं, आम्ही माणसं आहोत, आमच्यासमोर चालतं. तेव्हा दचकायची, हसायची आणि मग धबधब्यासारखी बोलत सुटायची. पिल्लांना नावं ठेवायची नसतात, पायातल्या कड्यांच्या रंगावरून ओळखायचं. हिच्या वाटणीचं म्हणजे हिरवा-पांढरा. हिरवा-पांढरा आज पाण्यात उतरला. हिरवा-पांढरा स्वतःच्या सावलीला घाबरला. हिरव्या-पांढऱ्यानं आज बेडूक पकडला आणि मग काय करायचं ते न कळून माझ्याकडे बघत बसला. मी घरात एवढी वर्षं बोलतोय, पण सून जेवण गार होईपर्यंत ऐकत बसली ती त्या पोरीचं.

"आणि मग थंडीत," मी म्हणालो, "मी तिथं गेलो."

पुन्हा मशीनवर बसलेल्या शिंप्याचा पाय थबकला. "थंडीत? यंदाच्या? काका, तेव्हा तर तुमचा..."

तो थांबला. त्याची नजर माझ्यावरून उंबऱ्याकडे गेली. बटणांचा आवाज बंद झाला होता.

"तेव्हा माझा काय?" मी विचारलं.

"काही नाही." त्यानं सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता. "सांगा तुम्ही पुढं."

आमची ओळख झाल्यापासून त्यानं मला असं मोकळं सोडल्याचं आठवत नाही.

"गेलो," मी म्हणालो. "खारूला म्हटलं, मला एकदा आत जाऊ दे. ती नको म्हणाली. शंभरदा नको म्हणाली. पण ती तिकडं बाईंशी बोलायला गेली आणि खुंटीवर कुणाचा तरी झगा टांगलेला. मी घातला. लाकडी डोकं घेतलं आणि कुंपणाच्या दारातून आत. पहाटेचं धुकं होतं. पाण्यावर असं, इस्त्रीतून निघते तशी वाफ. आणि त्या वाफेतून तो आला. हिरवा-पांढरा. पाय म्हणजे दोन काड्या, गुडघे उलटे, एकेक पाऊल असं टाकतो जणू जमीन त्याला विचारून ठेवलीय. माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. आता तुम्ही सांगा, जन्मभर मी लिफ्टमध्ये बसलेला, माणसं येतात आणि दारावरच्या आकड्यांकडे बघतात. माझ्याकडे कोण बघतं? आणि हा बघत होता. माझ्यानं राहवलं नाही."

"बोललात?" इस्त्रीवाली म्हणाली. इस्त्री तिनं उभी करून ठेवली होती.

"बोललो."

"काय बोललात?"

"जे तोंडात बसलंय तेच. कितवा मजला, साहेब?"

हसू येण्यासारखंच आहे ते. पण हसलं कुणी नाही. शिंपी खाली मान घालून सुईकडे बघत होता.

"एवढंच," मी म्हणालो. "पण त्यानं मान तिरकी केली आणि एक पाऊल जवळ आला. बस, ऐकलं त्यानं. माणसाचा आवाज त्याच्या डोक्यात शिरला. मी झगा जागच्या जागी टांगला आणि घरी आलो, कुणाला बोललो नाही. मग त्यांना सोडायचे दिवस आले. बाकीची पाखरं थव्याबरोबर गेली. हा थव्यात राहायचा, पण कडेला. कुणी वाटेनं बोलत गेलं की मान वर. एका सकाळी रस्त्याच्या कामावरची माणसं पलीकडच्या कडेला गप्पा मारत बसली होती. हा आकाशातून उतरला आणि त्यांच्याकडे चालत निघाला. उडत नव्हे, चालत. मध्ये रस्ता होता."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"अरेरे," इस्त्रीवाली म्हणाली. "म्हणजे आजोबा, तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे." हे म्हणताना मी उंबऱ्याकडे पाहिलं नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या कात्रीकडे बघत होतो. मैत्रिणीनं सुनेला सांगितलेली दुसरी गोष्ट ती हीच. "तिथं सगळ्यांना कळून चुकलंय, कुणीतरी पिल्लासमोर बोललं होतं. त्याशिवाय पाखरू असं वागत नाही. कोण बोललं तेवढं कळलेलं नाही. बिचारी पोरं एकमेकांकडे बघतात. तर आता मी बाईंना फोन करणार आणि सांगणार, तो म्हातारा मी. मला काय शिक्षा करायची ती करा, माझी पदवी थोडीच अडकलीय? आमच्या खारूचा यात काय संबंध? तिनं सगळं नियमानं केलं. तिनं सोमवारी ताठ मानेनं जावं आणि..."

"खोटं आहे हे."

एवढ्या दिवसांत तिचा आवाज मी विसरत चाललो होतो. घोगरा झाला होता, न वापरलेल्या दारासारखा. इस्त्रीवालीचा हात तोंडाशी गेला. शिंप्यानं टाचण्या ओठांतून काढून मुठीत धरल्या.

"कुठलं खोटं?" मी म्हणालो. "विचार हवं तर..."

"आजोबा, सगळं खोटं आहे. तुम्ही तिथं आलाच नव्हता. थंडीभर तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता. या शिंपीकाकांनी तुमच्या विजारीची शिवण उसवली होती, पाय जात नव्हता म्हणून. काकांना माहीत आहे." शिंप्यानं मान वर केली नाही. "तुम्ही नाही बोललात. मी बोलले. तो चिखलात रुतला होता, पाय निघत नव्हता, जितका ओढेल तितका आत. मोडला असता. मी झग्यासकट गुडघ्यांवर बसले, त्याला धरलं, आणि तोंडातून गेलं. घाबरू नकोस, मी आहे ना. एवढंच. कुणी ऐकलं नाही. मी बाईंना सांगितलं नाही, वाटलं, एवढ्यानं काय होतं."

"खारू, राहू दे गं," इस्त्रीवाली म्हणाली.

"नाही, मावशी." ती उभी राहिली. मांडीवरची बटणं उंबऱ्यावरून घरंगळत फुटपाथवर गेली, ती कुणी उचलली नाहीत. "सोडायच्या आधी त्यांना माणसाची भीती घालायची असते, आजोबा. ते तुम्हाला माहीतच नाही. झगे काढून साध्या कपड्यांत जायचं, पत्र्याचे डबे बडवायचे, आरडाओरडा करत त्यांच्या अंगावर धावायचं, म्हणजे जन्मभर ती माणसापासून लांब राहतात. आम्ही सगळे धावलो. मी सगळ्यांच्या पुढं होते. बाकीची सगळी उडाली. मी त्याच्याकडे बघून ओरडत होते, जा, जा, जा इथून. आणि त्यानं माझा आवाज ओळखला, आजोबा, आणि तो धावत माझ्याकडे आला."